ज्याचा आकडा त्याला

कल्याणच्या पलीकडे, उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या आसऱ्याने एके काळी कारखान्यांचा मोठा पट्टा उभा राहिला. रेयॉन, कागद, रंग, रसायनं. तिथल्या चाळींत कुणी घड्याळ बघत नसे. भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की चूल पेटवायची. त्या पट्ट्यातल्या एका कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात अण्णा विशीत लागले आणि सेल हाऊसमध्ये पडले.

सेल हाऊस म्हणजे लांबच लांब शेड. आत किंचित उतरत्या पोलादी पन्हाळी. तळाशी पाऱ्याचा पातळ थर वाहता, त्यावर मिठाचं दाट पाणी आणि त्यातून सोडलेली जबरदस्त वीज. मिठातला क्लोरीन वर निघून जाई, सोडियम पाऱ्यात विरघळे. पुढच्या टाकीत त्याची पाण्याशी गाठ पडली की सोडियम पाऱ्याला सोडून देई, कॉस्टिक तयार होई आणि मोकळा झालेला पारा पंपाने पुन्हा पन्हाळीत येई. पण सगळा परत येत नसे. थोडा गळून फरशीच्या भेगांत बसे, थोडा सांडपाण्याबरोबर जाई आणि थोडा वाफ होऊन हवेत मिसळे. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. उन्हाळ्यात शेड तापली की ती वाढे, पण वाढली हे नाकाला कळत नसे.

पहिल्याच दिवशी मुकादमाने अण्णांच्या बोटाकडे पाहिलं. "अंगठी घरी ठेवून यायची. पारा सोनं खातो." लग्नातली अंगठी त्या दिवसापासून आईच्या डब्यात गेली. सोनं कसं सांभाळायचं हे पहिल्या दिवशी कळलं. अंग कसं सांभाळायचं हे कळायला पुढे काही वर्षं जावी लागली.

दर तीन महिन्यांनी, सोमवारी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या दवाखान्यापुढे रांग लागे. कंपाउंडर प्रत्येकाच्या हातात झाकणाची बाटली देई आणि बजावे, "हात धुऊन या. अंगावर घरचेच कपडे पाहिजेत." कामाच्या कपड्यांवरचा पारा बाटलीत पडला तर आकडा खोटा यायचा. लघवीच्या त्या बाटल्या प्रयोगशाळेत जात, आकडे येत आणि डॉक्टर ते एका जाड वहीत उतरवून घेत. वही कपाटात, कपाटाला कुलूप. कामगार म्हणत, काही असतं तर साहेबांनी सांगितलंच असतं.

सेल हाऊसमध्ये अण्णांचा एक जोडीदार होता. माळकरी माणूस, दर आषाढीला रजा टाकून पंढरीला जाणारा. एका पगाराच्या दिवशी खिडकीवर त्याची सही जुळली नाही. पुढच्या महिन्यात तर नावातली अक्षरं एकमेकांवर चढली. मागे उभ्या असलेल्यांतला कुणीतरी म्हणाला, "रात्री घेतो वाटतं." तिसऱ्या महिन्यात कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला आणि चौथी शिकलेल्या त्या माणसाने सगळ्यांदेखत अंगठा उठवला.

अण्णा रोज त्याच्या शेजारी बसून जेवत. त्यांना दिसत होतं की पाण्याचा पेला तोंडाशी नेताना त्याचा हात हेलकावतो. हिरड्यांतून रक्त येतं. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते म्हणून तो भाकरी अर्धी टाकतो. झोप नाही, चिडचिड फार, आणि अनोळखी माणूस समोर आला की तो खाली मान घालतो. भजनात पहिला अभंग घेणारा हा माणूस आताशा मंदिराच्या मागच्या खांबाशी बसायचा. चाळीत एकच बोललं जाई: माळ गळ्यात आणि बाटली पोटात.

एक दिवस अण्णा पाळी संपल्यावर थेट दवाखान्यात गेले.

"साहेब, आमच्या बाटल्यांचं पुढं काय होतं?"

डॉक्टर वयस्कर होते, स्वभावाने मऊ. म्हणाले, "तपासतात. आकडे माझ्याकडे येतात."

"जोडीदाराचा किती आला?"

डॉक्टर गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगून काय होणार? माणूस उगाच घाबरतो."

"तो आत्ताच घाबरलाय, साहेब. आपल्याला वेड लागतंय असं त्याला वाटतं. बायकोला वाटतं नवरा चोरून पितो. तुमच्या कपाटातला आकडा बाहेर आला असता, तर त्याच्या नावाला काळिमा लागला नसता."

डॉक्टरांनी काही उत्तर दिलं नाही. अण्णा नमस्कार करून बाहेर पडले.

दोन दिवसांनी त्यांनीच अण्णांना आणि जोडीदाराला बोलावून घेतलं. टेबलावर वही उघडी होती. डॉक्टरांनी बोट ठेवून जोडीदाराची ओळ वाचली. लागोपाठच्या सहा तपासण्या आणि प्रत्येक आकडा आधीच्याहून चढा. "१९८० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कामगारांसाठी मर्यादा सुचवली आहे," ते म्हणाले, "लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे पन्नास मायक्रोग्रॅम. तुमचा आकडा ती मर्यादा कधीच ओलांडून गेलाय. हात कापतो तो पाऱ्याने. दारूने नाही."

जोडीदाराने दोन्ही हात कपाळाला लावले आणि तो रडू लागला. आजाराचं दुःख होतंच. पण आपण खोटे नव्हतो हे कुणीतरी तोंडाने सांगितलं होतं.

मग डॉक्टरांनी त्यांना एका दूरच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. जपानमधल्या मिनामाता गावात एक रासायनिक कारखाना होता, चिस्सो नावाचा. त्याच्या दवाखान्याचे प्रमुख होते हाजिमे होसोकावा. कोळ्यांच्या पोरांचे हातपाय वळतात, बोलणं जातं, तोल जातो, हे पाहून १ मे १९५६ रोजी त्यांच्याच दवाखान्यातून या अज्ञात आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्रात गेली. पुढे १९५९ साली होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. प्रयोगातलं ते चारशेवं मांजर. त्याला तोच आजार झाला. कारण सापडलं होतं, पण कंपनीने तो निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही आणि डॉक्टर गप्प राहिले. सांडपाणी १९६८ पर्यंत खाडीत जात राहिलं. पारा माशांत, मासे माणसांत, आणि आईच्या पोटातल्या बाळांतही. कर्करोगाने अंथरुणाला खिळल्यावर, १९७० साली, होसोकावांनी न्यायालयासाठी साक्ष दिली आणि त्या मांजराची हकीकत सांगितली.

"मी हे सगळं वाचलेलं आहे," डॉक्टर म्हणाले. "वाचताना मला वाटायचं, मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं की मी त्याच्याच जागी आहे."

त्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी केल्या. जोडीदाराला सेल हाऊसमधून काढून गोदामात द्यावं, असं व्यवस्थापनाला लेखी कळवलं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत पाऱ्याची विषबाधा होती. असा रुग्ण दिसला की मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणं हे कलम ८९ प्रमाणे डॉक्टरवरही बंधनकारक होतं. ते पत्र त्यांनी स्वतःच्या सहीने धाडलं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एक साधी चिठ्ठी. पुढच्या तपासणीपासून प्रत्येक कामगाराला आपलं नाव, आपला आकडा, मागचा आकडा आणि मर्यादा लिहिलेली चिठ्ठी मिळू लागली. जाताना डॉक्टर म्हणत, "ज्याचा आकडा त्याला."

चिठ्ठ्या हातात आल्या आणि माणसं आपसांत ताडून पाहू लागली. चार नंबरच्या पन्हाळीवर काम करणाऱ्या सगळ्यांचे आकडे चढे होते. म्हणजे माणसांत खोट नव्हती, पन्हाळीत होती. झाकण गळत होतं. एकेका आकड्याने जे दिसलं नसतं, ते चार आकडे शेजारी ठेवल्यावर दिसलं. झाकण बदललं गेलं. फरशीच्या भेगा बुजल्या. कामाचे कपडे कारखान्यातच धुवायचे ठरलं, कारण तोवर ते घरी बायका धूत आणि त्याच मोरीत पोरं आंघोळ करत.

शरीर पारा हळूहळू सोडतं; संपर्क तुटला की साधारण दोन महिन्यांत साठा निम्म्यावर येतो. गोदामात गेलेल्या जोडीदाराचा आकडा तपासणीगणिक उतरत गेला. हात पूर्ण स्थिरावला नाही. पण वर्षभराने पगाराच्या खिडकीवर त्याने शाईचा पॅड बाजूला सारला आणि कारकुनाकडे पेन मागितलं. सही वाकडी आली. मागे उभ्या असलेल्यांतला कुणीही काही बोलला नाही.

कुंपणाच्या आतल्या माणसांना चिठ्ठी मिळाली; बाहेरच्यांना कोण देणार, हा प्रश्न मात्र अण्णांच्या मनातून गेला नाही. त्याच काळात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी आंबिवलीजवळ काळू नदी तपासली होती. पारा आणि शिसं नदीत होतं, काठच्या वनस्पतींत होतं आणि त्या चरणाऱ्या जनावरांच्या दुधापर्यंत पोचत होतं. अण्णांच्या चाळीत दूध घालणाऱ्याच्या म्हशी नदीकाठीच चरत. दूध पिणाऱ्या पोरांची बाटली कुणी भरून घेतली नव्हती.

वर्षं गेली. २००३ साली केंद्र सरकारने उद्योगांबरोबर एक सनद केली आणि पाऱ्यावर चालणारे कॉस्टिकचे कारखाने पारा न लागणाऱ्या पडदा-तंत्रावर न्यायचं ठरलं. अण्णा निवृत्त झाले, डोंबिवली पूर्वेला मुलाच्या घरी राहू लागले. गोष्ट इथेच संपली असती. पण पारा एका दाराने बाहेर गेला, तरी दुसऱ्या दाराने आत येतो.

अण्णांची सून ठाण्यात नोकरीला. रोज सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात. त्या डब्यात तिचा ठरलेला ग्रुप होता. कुणी भाजी निवडायची, कुणी स्तोत्र म्हणायची, संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं, दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं. घरात जे बोलता येत नाही, ते या बायका दिवा ते मुंब्रा एवढ्या वेळात बोलून मोकळ्या व्हायच्या. त्यांच्यात एक ताई होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा अकरावीला. नोकरीच्या जोडीला त्या ड्रेस मटेरियल, कुर्डया, अगरबत्त्या असं काहीबाही डब्यात विकायच्या. सगळ्या मुद्दाम त्यांच्याकडूनच घ्यायच्या.

ताईंनी एकदा क्रीमच्या डब्या आणल्या. कुठल्याशा पार्लरवालीकडून मिळालेल्या. चकचकीत खोकं, त्यावर परदेशी अक्षरं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. पंधरा दिवसांत गाल उजळायचे. सुनेच्या नणंदेचं लग्न तोंडावर होतं आणि लग्नघरात सावळ्या सुनेला जे ऐकावं लागतं ते तिने एकदा ऐकलेलं होतं. तिने डबी घेतली. मग दुसरी. ग्रुपमधल्या बहुतेकींनी घेतली.

चारेक महिन्यांनी सकाळी उठलं की तिचे डोळे सुजलेले दिसू लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. लघवीला फेस यायचा. आधी मीठ बंद झालं, मग थायरॉइड तपासला, मग रक्तदाब. शेवटी लघवीत भरपूर प्रथिनं निघाली आणि ठाण्याच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवणी झाली. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. गाळणारा पडदा बिघडला होता, अंगातली प्रथिनं वाहून जात होती. मॅडमनी विचारलं, "वेदनाशामक गोळ्या? कुठली भस्मं, चूर्णं? तोंडाला काही लावता?" ती नाही म्हणाली. क्रीम हे औषध नव्हे, असं तिला वाटत होतं.

त्या रात्री अण्णा आरशापुढचं सामान सरकवून आपला चष्मा शोधत होते. खोकं हाती आलं. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी नातीला हाक मारली, "बाळ, यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय गं?" नात इंग्रजी शाळेत होती. तिने वाचून मराठीत सांगितलं, "आजोबा, लिहिलंय की सोन्याच्या आणि चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका."

अण्णांच्या कानात मुकादमाचं वाक्य वाजलं. सोन्याला जपायला सांगणारी वस्तू त्यांना आयुष्यात एकच ठाऊक होती.

त्यांनी सुनेला बोलावलं. "सूनबाई, रागावू नका. हे उद्या डॉक्टरबाईंना दाखवा. आणि आज रात्रीपासून लावू नका."

मॅडमनी खोकं पाहिलं आणि लगेच लघवीतल्या पाऱ्याची तपासणी लिहून दिली. पाऱ्याचे क्षार त्वचेला रंग देणारं द्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत साठतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांत, डोळ्यांची प्रसाधनं सोडली, तर नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. "अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच क्रीमने बिघडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला, तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या हजारो पट पारा निघाला."

अहवाल आला. पाऱ्याशी ज्यांचा संबंध नाही अशा माणसांच्या लघवीत तो सहसा लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या आत असतो. सुनेचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता. अण्णांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. हे एकक त्यांच्या ओळखीचं होतं. सेल हाऊसमधल्या माणसाच्या चिठ्ठीवर शोभावा असा आकडा त्यांच्या घरातल्या, कार्यालयात टेबलाशी बसून काम करणाऱ्या मुलीच्या नावापुढे छापला होता. आणि आता तर कामगारांसाठीची मर्यादाही पन्नासवर राहिली नव्हती. नवं कळत गेलं तसतशी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने ती आधी पस्तीसवर आणि पुढे वीसवर आणली होती.

"नातीचीही तपासणी करू या का?" अण्णांनी विचारलं.

"ती कुठे क्रीम लावते?" मुलगा म्हणाला.

"तुझी आई कुठे सेल हाऊसमध्ये जायची? माझे कपडे धुवायची."

मॅडमनी मान डोलावली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये थर्मामीटरच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना तपासलं होतं. कारखान्याची पायरीही न चढलेल्या त्या मुलांच्या लघवीत इतर मुलांपेक्षा जास्त पारा निघाला, कारण आईबापांच्या कपड्यांबरोबर तो घरी येत होता. पुढे कॅलिफोर्नियात क्रीम लावणाऱ्या बायकांच्या घरांतही हेच दिसलं. नातीची बाटली गेली. तिचाही आकडा असायला हवा त्याहून चढा निघाला. आईच्या उशीशी झोपणं, आईचाच टॉवेल, आईच्या हातचा घास. सुदैवाने तिच्या किडनीला काही झालं नव्हतं. उशा, टॉवेल, चादरी घरातून गेल्या.

क्रीम बंद झालं, औषधं सुरू झाली, सूज उतरू लागली. मुलगा म्हणाला, "आता हे कुणाला सांगू नकोस. ताईंवर आळ येईल. बिचारीचं पोट आहे त्यावर. शिवाय लोक म्हणणार, गोरं व्हायला गेली आणि किडनी घालवून बसली." तिलाही ते पटलं. लाज तर होतीच. आजारपणाची रजा संपवून ती डब्यात परतली. मैत्रिणींनी विचारलं, काय झालं होतं? ती म्हणाली, पित्त.

महिनाभर ती तेच उत्तर देत राहिली. त्या महिन्यात ताईंनी आणखी डब्या विकल्या.

एका रविवारी अण्णांनी तिला विचारलं, "डब्यातल्या बायकांना सांगितलंत?" तिने मान हलवली. तेव्हा अण्णांनी तिला कुलपातल्या वहीची गोष्ट सांगितली. जोडीदाराचा अंगठा, डॉक्टरांचं मौन, चार नंबरची पन्हाळ, मिनामाताचं ते मांजर.

"सूनबाई, आमच्या डॉक्टरांनी वही दडवली ती वाईट बुद्धीने नाही. माणसं घाबरतील, ही दया होती. तुम्हीही गप्प आहात त्या दयेपोटीच. पण पाऱ्याला तुमची दया कळत नाही. तुमच्या अंगात जो आकडा निघाला, तो एकट्या तुमचा नाही. त्याच डबीतलं ज्या ज्या बायका लावतात, त्या प्रत्येकीला आलेलं ते पत्र आहे. तुम्ही फक्त पोस्टमन आहात. पत्र घरात ठेवून घ्यायचा पोस्टमनला अधिकार नाही."

सोमवारी गाडीने कोपर सोडलं तेव्हा ती उभी राहिली. पर्समधून अहवाल काढला आणि वाचून दाखवला. स्वतःचं नाव, स्वतःचा आकडा, मुलीचा आकडा. मग म्हणाली, "मी तुम्हाला महिनाभर खोटं सांगितलं. मला पित्त झालं नव्हतं."

डबा गप्प झाला. ताई लाल झाल्या. "माझ्या मालात विष आहे असं म्हणायचंय तुला? मी स्वतः लावते. सगळ्यांत आधी मी लावते, मग विकते."

"म्हणूनच आधी तुम्हालाच सांगायचं होतं, ताई. जरा पाय दाखवा तुमचे."

ताईंनी पाय आत ओढून घेतले. पण शेजारी बसलेल्या काकूंनी साडीची कड वर केली. घोट्याशी बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. ताईंना वाटत होतं, दिवसभर उभं राहून सुजतात.

त्या आठवड्यात ग्रुपमधल्या बायकांनी एकेक करून तपासणी करून घेतली. कुणी दोन डब्या संपवल्या होत्या, कुणी एक. ज्यांनी जास्त वापरली त्यांचा आकडा जास्त. सुनेने सगळ्यांच्या संमतीने आकडे एका कागदावर शेजारीशेजारी मांडले आणि चार नंबरच्या पन्हाळीसारखी ती डबी उघडी पडली. सगळ्यांत मोठा आकडा ताईंचा होता. त्यांच्या लघवीतूनही प्रथिनं जाऊ लागली होती. मॅडम म्हणाल्या, "महिनाभर आधी आला असतात तर औषध कमी लागलं असतं."

ते वाक्य सुनेने ऐकलं आणि खाली मान घातली. ताईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "तू महिन्याने तरी बोललीस. ज्या पार्लरवालीने मला डब्या दिल्या, तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. चल, आधी तिच्याकडे जाऊ."

दोघी तिच्याकडे गेल्या. मग उरलेल्या डब्या, खोकी आणि अहवालांच्या प्रती घेऊन ठाण्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेल्या आणि लेखी तक्रार दिली. ताईंनी ज्यांना ज्यांना डबी विकली होती, त्यांची नावं आपल्या उधारीच्या वहीतून काढली. दिवा, कळवा, बदलापूर, जिथे जिथे त्या बायका होत्या तिथे फोन केले. वसुलीसाठी ठेवलेली ती वही माणसं वाचवायच्या कामी आली. धंदा काही महिने बसला. मग बायका पुन्हा त्यांच्याकडूनच कुर्डया घेऊ लागल्या, आणि आता तर डोळे मिटून. स्वतःच्या मालाचं विष स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?

तात्पर्य असं. विष मोजणं ही निम्मीच जबाबदारी आहे. ज्याच्या अंगात ते सापडलं त्याला सांगणं, आणि त्याच वाटेने ते आणखी ज्यांच्या अंगात गेलं असेल त्यांच्यापर्यंत पोचणं, ही उरलेली निम्मी. पहिली जबाबदारी यंत्रं पार पाडतात. दुसरीला माणूस लागतो, आणि त्याला थोडं धाडस लागतं.

मिनामाताच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार २०१३ साली झाला, २०१७ साली लागू झाला आणि २०१८ साली भारताने त्याला मान्यता दिली. पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायची, हेही त्या करारातल्या देशांनी मिळून ठरवलं. हे सगळं चांगलंच आहे. पण करार जिनिव्हात होतात, आणि पारा डोंबिवलीच्या आरशापुढे, सोनाराच्या भट्टीशी, दाताच्या दवाखान्यात, भंगारात फुटणाऱ्या ट्यूबलाइटच्या ढिगाशी असतो. तिथे डॉक्टरने "काम काय करता, तोंडाला काय लावता" हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तिथे आपण खरं उत्तर दिलं पाहिजे. आपला आकडा मागून घेणं हा आपला हक्क आहे आणि तो शेजाऱ्याला सांगणं हा आपला धर्म आहे. माळकऱ्याचा अंगठा ज्या दिवशी पॅडवर टेकला, त्या दिवशी वहीत त्याचा आकडा होता. वही उघडी असती, तर त्याची सही वाचली असती.